साठ दिवस आणि सहा बुधवार

मागच्या शनिवारी कपाट आवरताना एक घडी घातलेला पिवळा कागद सापडला. आमच्या इथल्या सार्वजनिक ग्रंथालयाचं पत्रक. "आधुनिक जागतिक साहित्य. सहा बुधवार, संध्याकाळी साडेसहा ते आठ. मोफत. नावनोंदणीची गरज नाही." मार्च २०२३. कागद टाकून देणार होतो, पण टाकवेना. म्हटलं या विकांताला यावरच लिहावं, नाहीतरी कधीचं लिहीन लिहीन म्हणतोय.

तर झालं असं, की त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी माझी नोकरी गेली. सव्वाआठला मेल, नऊ वाजता लॅपटॉप बंद. त्या दिवसांत सगळीकडेच कपात चालू होती, त्यामुळे यात नवल काही नाही. पण एच-१बी वाल्यांना नोकरी जाण्याबरोबर एक घड्याळ फुकट मिळतं. शेवटच्या दिवसापासून जास्तीत जास्त साठ दिवस. तेवढ्यात नव्या कंपनीनं तुमच्यासाठी अर्ज दाखल केला तर ठीक, नाहीतर दुसरी काहीतरी कायदेशीर सोय करा किंवा गाशा गुंडाळा. (हे साठ दिवसही २०१७ च्या नियमानं मिळाले, त्याआधी तेही नव्हते. म्हणजे आनंदच मानायचा.) बायकोचं वर्क परमिट माझ्याच व्हिसाच्या शेपटाला बांधलेलं, मुलगी दुसरीत, घराचं लीज जुलैपर्यंत. एकूण काय तर एका खुंटीवर सगळे डगले.

घरी बसवेना. बायकोच्या मीटिंगा चालायच्या आणि प्रत्येक मीटिंगनंतर ती मला काहीही विचारत नसे. ते न विचारणं फार ऐकू यायचं. मग मी रोज सकाळी नऊला डबा घेऊन ग्रंथालयात जायला लागलो. जुना लॅपटॉप उघडायचा, दहा ठिकाणी अर्ज टाकायचे, दुपारी बायनरी ट्री उलटेपालटे करायचे (पंधरा वर्षांच्या नोकरीत एकदाही करावं लागलं नव्हतं), पाचला घरी. हापिसच जणू, फक्त पगार नाही.

बॉस्टनच्या आसपासच्या गावांत ग्रंथालय म्हणजे नळाच्या पाण्यासारखी गोष्ट आहे. खुद्द बॉस्टनचं सार्वजनिक ग्रंथालय १८४८ सालचं, शहराच्या खर्चानं चालवायचं असं ठरवून काढलेलं. कॉप्ली चौकातल्या त्याच्या १८९५ च्या इमारतीत शिरताना दरवाजाच्या वर बघा, "सर्वांसाठी मोफत" अशा अर्थाचे शब्द दगडात कोरलेत. गंमत म्हणजे पुण्याचं नगर वाचन मंदिरही १८४८ चंच! पण आपल्याकडची बहुतेक जुनी वाचनालयं वर्गणीवर उभी राहिली. १९६७ मध्ये महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, अनुदानं सुरू झाली, तरी वर्गणी आणि अनामत राहिलीच. आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकं कुलपाच्या कपाटात असायची आणि काचेतून बोटानं दाखवावं लागायचं. आण्णा दर महिन्याला एस.टी.ची ड्यूटी संपवून वर्गणी भरून यायचे. कंडक्टरच्या पगारात तो खर्च डोळ्यावर यायचा, आईच्या तर फारच.

तर या मोफत इमारतीत आठवडाभर बसल्यावर ते पिवळं पत्रक दिसलं. साहित्याचं वेड वगैरे म्हणून मी गेलो असं सांगितलं तर ती थाप होईल. कॉलेजनंतर धड एक कादंबरी वाचलेली नव्हती. गेलो ते एवढ्यासाठी, की बुधवारी संध्याकाळी कुठंतरी जायचं आहे असं घरी म्हणता येईल.

तळघरातली खोली, बारा खुर्च्या, थर्मासात कॉफी. शिकवणाऱ्या बाई निवृत्त प्राध्यापक होत्या. पुस्तकाच्या डझनभर प्रती ग्रंथालयानंच मागवून एका ढकलगाडीवर ठेवल्या होत्या, घ्या आणि घरी न्या. मंडळी कोण म्हणाल, तर एक निवृत्त पोस्टमन, रुग्णालयात रात्रपाळी करणारी एक हैतीची बाई, घरं रंगवणारा एक ब्राझिलियन, दोन आज्या, हायस्कूलचा एक पोरगा आणि मी. ओळख करून देताना प्रत्येकानं आपलं नाव आणि शेवटचं वाचलेलं पुस्तक सांगायचं होतं. मी काय करतो हे कुणी विचारलंच नाही! बारा वर्षांत अमेरिकेत असं पहिल्यांदा घडलं.

पहिलं पुस्तक काफ्काचं 'मेटॅमॉर्फॉसिस'. १९१५ साली छापलेली छोटीशी गोष्ट. ग्रेगोर झाम्झा नावाचा फिरता विक्रेता सकाळी उठतो तर त्याचा किडा झालेला असतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. मलाही तेवढंच माहीत होतं. नुसता किडा की घाणेरडी, उपद्रवी जीवजात, यावर इंग्रजी अनुवादकांचं अजून एकमत नाही. मूळ जर्मन शब्द दुसऱ्या अर्थाकडे झुकणारा आहे. काफ्कानं तर प्रकाशकाला कळवलं होतं की मुखपृष्ठावर किड्याचं चित्र अजिबात काढू नका.

बाईंनी एकच प्रश्न टाकला. किडा झाल्यावर ग्रेगोरला पहिली काळजी कसली वाटते?

हायस्कूलचा पोरगा म्हणाला, "गाडी चुकल्याची."

खरंच आहे ते. पाचची गाडी, गजर चारचा, आणि डोळे उघडतात साडेसहाला. पाठ कडक झालीये, डझनावारी पाय वळवळतायत, आणि हा गृहस्थ हिशोब करतोय की सातची तरी गाठता येईल का, साहेब काय म्हणेल. सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो आणि मग थांबलो. नोकरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा पहिला विचार काय आला होता? साडेनऊची स्टँड-अप मीटिंग आणि काल काय केलं म्हणून सांगायचं.

बाई म्हणाल्या, काफ्का स्वतः प्रागमध्ये कामगारांच्या अपघात विम्याच्या संस्थेत १९०८ पासून नोकरीला होता, लिहायचा रात्री. हापिस त्याला आतून ठाऊक होतं.

मग हैतीच्या बाईंनी पान उघडलं. त्या फार कमी बोलायच्या. म्हणाल्या, "त्यांच्याकडे पैसे होते." आम्हाला कळेना. त्यांनी दाखवलं. ग्रेगोर आईबापांचं कर्ज फेडायला राबतोय, सगळं घर त्याच्या पगारावर चाललंय, आणि तो खोलीत पडल्यावर कळतं की बापाच्या पेटीत जुने थोडे पैसे शिल्लक होते. शिवाय पोराच्या पगारातलेही साठत गेलेले. "मीसुद्धा घरी पैसे पाठवते," त्या म्हणाल्या. "हे पान मी तीनदा वाचलं."

पोस्टमन म्हणाले, "माझ्या मते आईबाप वाईट नाहीत. त्याला त्यांचं सगळं ऐकू येतं, पण तो बोलतो ते त्यांना समजत नाही. इथंच सगळं बिघडलं."

मी गप्प. कारण दर रविवारी सकाळी मी आण्णांशी व्हिडिओ कॉलवर बोलत होतो. "काम काय म्हणतंय?" "जोरात चाललंय, आण्णा." ग्रेगोरचा निदान आवाज गेला होता. माझा आवाज ठणठणीत होता.

दुसऱ्या बुधवारी चिनुआ अचेबेंचं 'थिंग्ज फॉल अपार्ट', १९५८ चं. इग्बो गावातला ओकोंक्वो, त्याची शेती, त्याचा ताठा, मग मिशनरी आणि गोरं सरकार. अख्खं पुस्तक आपण त्या माणसाबरोबर काढतो आणि शेवटी जिल्ह्याचा इंग्रज अधिकारी मनात म्हणतो की आपल्या नियोजित ग्रंथात या माणसावर एखादा परिच्छेद घालता येईल. एका आजींना राग आवरेना. मला मात्र तो मेल आठवला. सात वर्षं त्या कंपनीत काढली होती. मेलमध्ये दोन परिच्छेद होते, म्हणजे ओकोंक्वोपेक्षा माझं बरंच म्हणायचं :)

तिसरा बुधवार २२ मार्चचा, म्हणजे नेमका पाडवा. गॅलरीत छोटी गुढी उभारली होती, ती संध्याकाळी उतरवून, श्रीखंडाचा डबा घेऊन गेलो. ब्राझिलियन दादानं तीन वाट्या खाल्ल्या. पुस्तक होतं मेक्सिकोच्या हुआन रुल्फोचं 'पेद्रो पारामो', १९५५ चं. एक मुलगा कधी न पाहिलेल्या बापाला शोधायला कोमाला नावाच्या गावी जातो आणि हळूहळू कळतं की तिथं बोलणारी सगळी माणसं मेलेली आहेत. काय चाललंय ते मला पहिल्या पन्नास पानांत कळलं नाही. पण बंद पडलेली घरं आणि ओसाड गल्ल्या मात्र लगेच दिसल्या, आमच्या गावच्या वाड्याची गल्ली आता तशीच आहे. रुल्फो एका टायर कंपनीत विक्रेता होता हेही बाईंनीच सांगितलं. मी मनात यादी करत होतो. विमा, टायर... पुढच्या आठवड्यात तय्यिब सालिह, तर तो लंडनला बीबीसीच्या अरबी विभागात! बाकी काही नाही तरी पोटापाण्याच्या नोकरीबद्दलची माझी लाज त्या यादीनं थोडी कमी झाली.

सालिहचं 'सीझन ऑफ मायग्रेशन टू द नॉर्थ' मूळ अरबीत १९६६ चं. शिकायला इंग्लंडला गेलेला तरुण सात वर्षांनी सुदानमधल्या नाईलकाठच्या आपल्या गावी परत येतो. गावकरी भोवती जमतात आणि विचारतात, तिकडची माणसं कशी असतात? तो सांगतो, आपल्यासारखीच. पण काही गोष्टी तो सांगतच नाही. घरी जाताना गाडीत विचार करत होतो की एप्रिलच्या शेवटी खरंच परत जावं लागलं तर मी गावात काय सांगणार? आणि कोणत्या गोष्टी गाळणार?

तोपर्यंत पस्तीस दिवस संपले होते. दोन मुलाखती शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन परत आल्या होत्या. घरात सूटकेसा माळ्यावरून खाली आल्या होत्या. त्यांच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

त्याच दिवशी बाईंनी जाहीर केलं की पाचव्या बुधवारी शिंबोर्स्काच्या कविता आणि सहाव्याला कुठलंच नेमलेलं पुस्तक नाही. प्रत्येकानं आपल्या भाषेतलं किंवा आपल्या घरातलं, या यादीत असायला हवं असं एक पुस्तक आणायचं.

मला क्षणात 'कोसला' आठवलं. आण्णांनी वाचनालयातून आणलेलं, मी अकरावीत चोरून वाचलेलं. नेमाड्यांची १९६३ ची कादंबरी. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर, बापाशी त्याचं कधीच न जुळणं, बहिणीचा मृत्यू, आणि शेवटी सगळं सोडून गावी परत. सुधाकर मराठेंचा इंग्रजी अनुवादही आहे, 'ककून', १९९७ चा. काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीनं दोन्ही शोधली. गावच्या ग्रंथालयात अर्थातच नाहीत. मग म्हणाली, थांबा, दुसऱ्या ग्रंथालयातून मागवू. किती पैसे? काही नाही. मला वाटलं आता अनुवादच मिळाला तर मिळेल. दहा एप्रिलला, सोमवारी फोन आला, पुस्तक आलंय. जाऊन बघतो तर मराठी 'कोसला'. जाड पुठ्ठ्याची ग्रंथालयी बांधणी, पिवळी पडलेली पानं, एका विद्यापीठाचा शिक्का. आणि त्या विद्यापीठाच्या ऑनलाइन सूचीत नोंद पाहिली तर तिथं "पी.एल. ४८०".

पी.एल. ४८० म्हणजे आपल्या लहानपणी ऐकलेला तो अमेरिकन गहू! शब्द माहीत होता, पण पुस्तकाशी काय संबंध? दुपारभर अर्ज टाकायचे सोडून तेच शोधत बसलो. हा १९५४ चा अमेरिकन कायदा. त्याखाली भारताला धान्य मिळायचं आणि त्याची किंमत डॉलरऐवजी रुपयांत चुकती करता यायची. ते रुपये भारतातच साठत गेले. मग १९५८ च्या एका दुरुस्तीनं त्यातल्या काही पैशातून पुस्तकं विकत घ्यायची परवानगी मिळाली. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्लीच्या कार्यालयानं भारतीय भाषांतली नवी पुस्तकं घ्यायची आणि शिकागो, बर्कली, पेनसिल्व्हेनिया अशा विद्यापीठांना धाडायची सुरुवात केली. मराठीसुद्धा त्यात. म्हणून आज अमेरिकेत अशी मराठी पुस्तकं सापडतात, जी कधीकधी आपल्याकडे मिळत नाहीत. १९६६ च्या दुष्काळी वर्षात तर सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आलं, बहुतेक अमेरिकेतून. त्यात लाल ज्वारीही होती. मिलो.

आण्णा तेव्हा अकरा वर्षांचे असणार.

रात्री साडेआठला गाडी ग्रंथालयाच्या आवारात लावून फोन केला. तिकडे सकाळचे सहा.

"काय रे, एवढ्या सकाळी? पोरगी बरी हाय न्हवं?"

"सगळे बरे आहेत. आण्णा, मिलो आठवतो का तुम्हाला?"

"मिलो? न आठवायला काय झालं! लाल जोंधळा तो. भाकरी थापायची न्हाई, तव्यावर टाकली की फुटायची. आमची आई रडायची थापताना. रेशनला दोन दोन तास हुबा राहिलोय मी त्याच्यासाठी. का रे?"

मी त्यांना सगळं सांगितलं. कायदा, रुपये, पुस्तकं, मांडीवर असलेलं 'कोसला'. कदाचित तुम्ही रांगेत उभं राहून भरलेल्या पैशातूनच हे आलं असेल, म्हटलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हंजे अगदीच वाया न्हाई गेला म्हण जोंधळा." आणि लगेच, "पर आज सोमवार न्हवं? भर कामाच्या दिवशी तू पुस्तकं हुडकत बसतोस?"

चाळीस वर्षं तिकिटं फाडलेला माणूस. विनातिकीट लगेच ओळखणार.

"नोकरी गेली, आण्णा. सहा आठवडे झाले."

"सूनबाईला म्हाईत हाय?"

"हो."

"मग ठीक. मला वाटलं तिलाबी सांगितलं नसशील." मग थोड्या वेळानं, "तुझे पैशे हायत इथं. गुडघ्याचे. हात लावला न्हाई त्याला. बँकेत टाकल्यात."

मी एकदम भडकलो. आदल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे पाठवले होते. झालं म्हणाले होते, छोटंसंच झालं, तू काय यायची गरज नाही म्हणाले होते. व्हिडिओवर नेहमी खुर्चीत बसलेले दिसायचे, चालताना मी पाहिलंच नव्हतं. "म्हणजे ऑपरेशन केलंच नाही? तुम्ही तर सगळं बरं चाललंय म्हणत होता!"

"तूबी तसंच म्हणत हुतास की."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोघंही हसलो, आणि हसून झाल्यावर फोन ठेवला नाही. तासभर बोललो. अशी तासभर बोलणी आमची आयुष्यात दोन-तीनदाच झाली असतील.

सहाव्या बुधवारी मी 'कोसला' घेऊन गेलो. "वगैरे" म्हणजे काय, हे त्या खोलीला समजावण्यात पंधरा मिनिटं गेली. पांडुरंग हा शब्द वाक्यावाक्याला का वापरतो, दुःख सांगतानासुद्धा का वापरतो, हे इंग्रजीत सांगताना माझं मलाच नीट कळलं. जे सरळ म्हणता येत नाही त्याच्या मागे तो शब्द उभा करायचा. "जोरात चाललंय" हेही माझं वगैरेच होतं. मग मिलोची गोष्ट सांगितली आणि बँकेतल्या पैशांचीही. हैतीच्या बाईंनी दोन्ही हात वर केले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "पेटी! मी म्हटलं नव्हतं?" त्या आठवड्यात त्यांनीही म्हणे घरी फोन करून सरळ विचारलं होतं. काय उत्तर आलं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

पुढची हकिकत थोडक्यात. एक्कावन्नाव्या दिवशी एका छोट्या कंपनीनं अर्ज दाखल केला. पगार पहिल्यापेक्षा कमी. सूटकेसा परत माळ्यावर. डिसेंबरात आण्णांचा गुडघा झाला, खराखुरा, त्याच बँकेतल्या पैशांनी. मी तीन आठवडे तिथं होतो आणि त्यांना चालताना स्वतः पाहिलं.

पुस्तकं वाचून माणसाचे प्रश्न सुटतात असं माझं म्हणणं नाही. नोकरी मला काफ्कानं दिली नाही. पण मोफत या शब्दाचा अर्थ मी तोपर्यंत "पैसे पडत नाहीत" एवढाच घेत होतो. त्या तळघरात माझ्याकडे कुणी कारण मागितलं नाही. पगार, व्हिसा, पदवी, काहीच नाही. आणि प्रागच्या, नायजेरियाच्या, सुदानच्या माणसांबद्दल सहा अनोळखी लोकांसमोर बोलता बोलता जे बोलायला आलं, ते मी सख्ख्या बापाशी बोलू शकत नव्हतो.

असो. विद्यापीठाची ती प्रत मुदतीत परत केली, करायलाच हवी होती. आता कपाटात जी 'कोसला' आहे ती आण्णांनी पाठवलेली आहे. पिवळं पत्रक घडी घालून तिच्यात ठेवलंय. तुमच्या गावात ग्रंथालय असेल तर एखाद्या संध्याकाळी सहज जाऊन या. पुस्तक घेतलंच पाहिजे असं काही नाही.